वाचक विचारतात : रिकामी खुर्ची, सात हात आणि दुधाचे दात

युद्ध टाळण्याच्या आंतरराष्ट्रीय खटाटोपाबद्दल वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी चार या अंकात घेतले आहेत.

प्रश्न : आमच्या शाळेत नववीची मुलं संयुक्त राष्ट्रांची लुटुपुटूची सुरक्षा परिषद भरवतात. विषय १९५० चं कोरिया युद्ध. रशिया झालेला मुलगा पहिल्या पाच मिनिटांत नकाराधिकार वापरतो आणि खेळ आटोपतो. उरलेला तास काय करायचं? कुठे चुकतंय?
– एक शिक्षिका, कोथरूड

उत्तर : रशियाला सुरुवातीला वर्गात घेऊच नका. त्याची खुर्ची मांडा, पाटी लावा, पण मुलाला बाहेर व्हरांड्यात उभं करा. जून १९५० मध्ये सोव्हिएत प्रतिनिधी याकोव्ह मलिक परिषदेत नव्हतेच. चीनची जागा माओंच्या सरकारला न देता तैवानात गेलेल्या चँग कै-शेक यांच्या सरकारकडे ठेवली, म्हणून जानेवारीपासून त्यांचा बहिष्कार चालू होता. चीन झालेल्या मुलालाही हे आधी सांगून ठेवा, नाहीतर तो भलत्याच बाजूने बोलू लागतो.

दुसरी चूक बहुधा खुर्च्यांच्या संख्येत असेल. पंधरा सदस्य आणि मंजुरीला नऊ मतं हा हिशेब १९६५ नंतरचा. त्याआधी सदस्य अकरा आणि मतं लागत सात. पाच कायम सदस्यांखेरीज त्या वर्षी भारत, इजिप्त, क्युबा, इक्वेडोर, नॉर्वे आणि युगोस्लाव्हिया हे सहा होते. जून महिन्याचं अध्यक्षपद भारताकडे होतं, म्हणून हातोडा भारताचे प्रतिनिधी बेनेगल नरसिंग राव झालेल्या मुलाकडे द्या.

आता खेळ तीन फेऱ्यांत घ्या. पहिली फेरी २५ जूनची. उत्तर कोरियाने ३८व्या अक्षांशामागे (दोन कोरियांमधल्या सीमेमागे) जावं, असा ठराव नऊ मतांनी संमत होतो, भारताचं मत बाजूने असतं, युगोस्लाव्हिया तटस्थ राहतो. खरी गंमत दुसऱ्या फेरीत, २७ जूनला. दक्षिण कोरियाला हल्ला परतवायला मदत करावी, असा हा ठराव. युगोस्लाव्हिया विरोधात जातो. भारत आणि इजिप्त यांच्या प्रतिनिधींकडे मायदेशाहून सूचना आलेल्या नसल्याने ते मतदानात भाग घेत नाहीत (भारताने दोन दिवसांनी ठराव मान्य केल्याचं कळवलं). हात मोजा, बरोबर सात भरतात. एक जरी खाली आला असता तर ठराव पडला असता. नॉर्वे किंवा इक्वेडोर झालेल्या मुलाला, ज्याला एरवी झोप येते, अचानक आपली किंमत कळते.

तिसरी फेरी १ ऑगस्टची. मलिक परत येतात, आणि पाळीप्रमाणे त्या महिन्याचं अध्यक्षपद त्यांचंच असतं. आता बाहेरच्या मुलाला आत घ्या, हातोडा त्याच्याकडे द्या आणि त्याला हवा तेवढा नकाराधिकार वापरू द्या. परिषद अडली की पुढचा रस्ता फळ्यावर लिहा : ३ नोव्हेंबर १९५० चा 'शांततेसाठी एकजूट' ठराव. नकाराधिकारामुळे परिषद ठप्प झाली, तर आमसभेची, म्हणजे सर्व सदस्य देशांच्या सभेची, तातडीची बैठक चोवीस तासांत बोलावता येते. प्रश्न आमसभेकडे पाठवणं ही कामकाजाची बाब धरली जाते, त्यामुळे तिथे नकाराधिकार चालत नाही.

वेळ उरला तर डिसेंबर १९७१ घ्या, मुलं जास्त रंगतात. परिषदेत सोव्हिएत नकाराधिकार भारताच्या बाजूने पडला, ६ डिसेंबरला विषय आमसभेकडे गेला आणि दुसऱ्या दिवशी लढाई थांबवण्याच्या बाजूने १०४, विरोधात ११, तटस्थ १० अशी मतं पडली. तरी लढाई १६ डिसेंबरला ढाक्याच्या शरणागतीपर्यंत चालली, कारण आमसभा फक्त शिफारस करते. सनदेच्या २५व्या कलमाने सदस्यांना बांधतात ते सुरक्षा परिषदेचे निर्णय. त्यातही क्रियापद बघायला शिकवा, हवं तर लाल पेन्सिलीने अधोरेखित करायला लावा. 'निर्णय घेते' आणि 'शिफारस करते' यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. २७ जून १९५० च्या त्या गाजलेल्या ठरावातही शब्द 'शिफारस' हाच आहे.

प्रश्न : कोरियात भारतीय सैन्य लढायला गेलं नव्हतं, पहाऱ्याला गेलं होतं आणि त्याचे प्रमुख मराठी होते, असं ऐकलं. नेमकं काम काय होतं?
– एक निवृत्त वाचक, खडकी

उत्तर : बरोबर ऐकलंत. मेजर जनरल शंकरराव पांडुरंग पाटील थोरात, मूळचे कोल्हापूरकडच्या वडगावचे. लढणारं पथक भारताने पाठवलं नाही, वैद्यकीय पथक मात्र युद्ध चालू असतानाच गेलं होतं. थोरातांचं पथक गेलं ते २७ जुलै १९५३ च्या शस्त्रसंधीनंतर.

तह अडला होता तो युद्धकैद्यांवर. मायदेशी परत जायला नकार देणारे सुमारे २२,६०० चिनी आणि उत्तर कोरियन कैदी एका बाजूला, ३५९ दुसऱ्या बाजूला. त्यांना पाच तटस्थ देशांच्या आयोगाकडे सोपवायचं ठरलं : स्वीडन, स्वित्झर्लंड, पोलंड, चेकोस्लोव्हाकिया आणि अध्यक्ष म्हणून भारत. अध्यक्ष जनरल थिमय्या, प्रत्यक्ष ताबा थोरातांच्या पथकाकडे. म्हणजे दोन बाजूंचे दोन-दोन आणि निर्णायक मत आपलं. दोन्हीकडून शिव्या खायची पक्की सोय.

पहिली अडचण पाय ठेवण्यापासूनच. दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन ऱ्ही भारतीय सैनिकांना आपल्या भूमीवर पाऊल टाकू देईनात. म्हणून इंचॉनला जहाजांवरून उतरणाऱ्या जवानांना अमेरिकी हेलिकॉप्टरांनी उचलून थेट चार किलोमीटर रुंदीच्या निर्लष्करी पट्ट्यात नेऊन सोडलं.

कामाचे नियम काटेकोर होते. कैद्यांना परत येण्याबद्दल समजवायला ज्याच्या-त्याच्या देशाचे प्रतिनिधी, हजार कैद्यांमागे जास्तीत जास्त सात. मुदत नव्वद दिवस. कैद्यांवर बळ किंवा धाक अजिबात वापरायचा नाही. या शेवटच्या अटीतच गाडी रुतली. छावण्यांच्या आत कैद्यांचे म्होरके बसलेले. ते बाकीच्यांना तंबूबाहेर येऊ देईनात, आणि बळ वापरायचं नाही म्हटल्यावर त्यांना बाहेर काढायचं तरी कसं? नव्वद दिवसांपैकी मोजक्याच दिवशी समजावणी झाली. उरलेल्यांचा निर्णय करारात ठरलेल्या राजकीय परिषदेने घ्यायचा होता, ती भरलीच नाही. शेवटी २० जानेवारी १९५४ ला भारताने कैदी ज्याच्याकडून घेतले त्याच्याकडे परत दिले. कुठल्याच बाजूला जायचं नाही म्हणणारे ऐंशीहून अधिक जण पथकासोबत भारतात आले.

आमच्या मते यात अपयश कराराचं आहे, पथकाचं नाही. मुदत संपल्यावर कोण काय करणार, हे अशा परिषदेवर सोडलं होतं जी अजून जन्मालाच आली नव्हती.

प्रश्न : १९२० मध्ये आपण पारतंत्र्यात होतो. मग हिंदुस्थान राष्ट्रसंघाचा (संयुक्त राष्ट्रांच्या आधीच्या संघटनेचा) संस्थापक सदस्य कसा?
– एक वाचक, नारायण पेठ

उत्तर : कागदाच्या जोरावर. नव्या सदस्याला 'पूर्ण स्वशासित' असण्याची अट होती, पण पहिल्या महायुद्धानंतरच्या व्हर्सायच्या तहावर सही करणारे आपोआप मूळ सदस्य झाले. हिंदुस्थानच्या वतीने सह्या केल्या भारतमंत्री माँटेग्यू आणि बिकानेरचे महाराज गंगासिंग यांनी. काँग्रेसने डिसेंबर १९१८ मध्ये शांतता परिषदेसाठी लोकमान्य टिळकांचं नाव सुचवलं होतं. टिळक तेव्हा ब्रिटिश पत्रकार चिरोलवरच्या बदनामीच्या खटल्यासाठी लंडनलाच होते, पण पॅरिसला जायची परवानगी त्यांना मिळाली नाही. त्यांनी मार्च १९१९ मध्ये परिषदेचे अध्यक्ष क्लेमान्सो यांना पत्र लिहून हिंदुस्थानची बाजू मांडली. खुर्ची देशाची आणि बसणारे सरकारचे, हा प्रकार पुढे पाव शतक चालला.

प्रश्न : मोर्चे आणि सह्यांच्या मोहिमांनी खरोखर एखादा करार झालाय का? ठोस उदाहरण द्या.
– एक विद्यार्थी, औंध

उत्तर : १९६३ चा अंशतः अणुचाचणी बंदी करार. पण नुसत्या घोषणांनी नाही, दातांनी.

१ मार्च १९५४ ला अमेरिकेने बिकिनी बेटांवर हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली, तिची राख जपानी मच्छीमारांच्या बोटीवर पडली. २ एप्रिलला नेहरूंनी लोकसभेत चाचण्या थांबवण्याची सूचना मांडली. ओरड वाढली, पण सरकारं म्हणत, धोका नगण्य आहे. त्यावर उतारा सेंट लुईस शहरात निघाला. चाचणीतून उडणारं स्ट्रॉन्शियम-९० हे किरणोत्सर्गी द्रव्य शरीरात कॅल्शियमसारखं वागतं : गवतातून गाईत, दुधातून मुलांच्या हाडांत आणि दातांत. दुधाचे दात तर आपोआप पडतात, कुणाला इजा नको. १९५८ च्या अखेरीपासून शास्त्रज्ञ आणि गावातल्या बायकांनी मिळून ते गोळा केले, पुढच्या बारा वर्षांत सुमारे तीन लाख. दात देणाऱ्या मुलाला छातीवर लावायला एक बिल्ला मिळे. चाचण्या वाढल्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या दातांत स्ट्रॉन्शियम जास्त सापडलं. १ नोव्हेंबर १९६१ ला अमेरिकेतल्या हजारो बायका रस्त्यावर उतरल्या, तेव्हा दूध हाच त्यांचा मुद्दा होता.

५ ऑगस्ट १९६३ ला मॉस्कोत सह्या झाल्या. हवेत, पाण्यात आणि अवकाशात चाचण्या बंद. जमिनीखालच्या मात्र राहिल्या, कारण भूकंप कुठला आणि स्फोट कुठला हे जागेवर जाऊन तपासावं लागे. अमेरिका वर्षाला सात तपासण्या मागत होती, सोव्हिएत तीनवर अडले होते. भारताने सही त्याच महिन्यात केली. १८ मे १९७४ ची पोखरणची चाचणी जमिनीखालची होती, त्यामुळे तिने हा करार मोडला नाही.