बांधावरचे पिवळे फूल गोल्डन रॉड नव्हे

प्रश्न (सत्तरी, गोवा): पुष्पगुच्छांसाठी गोल्डन रॉड लावला आहे. तसलीच पिवळी फुले बांधावर आली आहेत, ती तोडून विकता येतील का? दोन ठिकाणांहून आणलेली रोपे वेगळी दिसतात, ती एकच का? या फुलाने शिंका येतात म्हणतात, ते खरे का?

उत्तर: फोटो पाहिले. बांधावर आहे ती सोनकी. दोन्ही सूर्यफुलाच्या कुळातली, त्यामुळे गोंधळ होणारच. पण सोनकीचे एकेक फूल इवल्या सूर्यफुलासारखे सुटे दिसते. गोल्डन रॉडचे फूल तांदळाच्या दाण्याएवढे. अशी शेकडो दाटून तुरा होतो. तो मूळचा उत्तर अमेरिकेचा. सोनकी मात्र आपल्या सह्याद्रीची, ती राहू द्या.

आता तुमची रोपे. गोल्डन रॉडच्या जाती अनेक, त्या अशा ओळखा. रंगावर जाऊ नका, सगळ्यांचा पिवळाच. पान उजेडात धरा. बुडाकडून तीन ठळक शिरा निघत असतील, तर खोडाच्या मधल्या भागावरून बोट फिरवा. बारीक लव लागली तर ती कॅनेडेन्सिस. खोड गुळगुळीत आणि त्यावर कोहळ्यावर असते तशी पांढरट भुकटी असेल, तर जायजँटिया. एकाच मधल्या शिरेतून जाळे फुटलेले, सुरकुतलेले, खरखरीत पान रुगोसाचे. जाड, मांसल, बिनदात्यांचे पान सेंपरव्हिरेन्सचे. ती समुद्रकाठची, खारे वारे सोसणारी. म्हणून ती खाजनाच्या (भरतीच्या खाऱ्या पाण्यालगतच्या शेताच्या) बांधावर लावून पाहू, असे कृपया मनात आणू नका. नर्सरीत संकर जातीही असतात, तेव्हा खुणा सरमिसळ दिसल्या तर दोन्ही रोपे वेगळ्या वाफ्यांत ठेवा आणि तुरे आल्यावर पुन्हा पाहा.

शिंकांचा आळ या फुलावर उगाच येतो. त्याचे परागकण जड नि चिकट, ते मधमाश्या नेतात, वाऱ्यावर फारसे उडत नाहीत. आपल्याकडे खरा त्रास गाजरगवताचा. ते फुलण्याआधी, हातमोजे घालून उपटा.

माझी खरी काळजी वेगळी आहे. कॅनेडेन्सिस जमिनीखालून फुटवे काढत पसरते. चीनमध्ये १९३० च्या दशकात ती शोभेसाठी नेली, आज तिथे ते घातक तण आहे. निम्मी फुले उमलली की तुरे कापा, झाडावर म्हातारी (वाऱ्यावर उडणारे केसाळ बी) धरू देऊ नका. वाफ्याबाहेर आलेले फुटवे खणून उन्हात कडक वाळवा. व्हाळात (ओढ्यात) टाकू नका, पावसात ते खालच्या शेतकऱ्याच्या भाटात (बागायतीत) जाऊन रुजतील.

पुढचा फोटो पाठवाल तेव्हा फुलाबरोबर खोड आणि पानाची खालची बाजूही दाखवा.