अंतिम वर्षाच्या प्रोजेक्टला इपॉक्सीमध्ये ताग, केळीचे तंतू की काथ्या वापरावा? ताकद कशात जास्त मिळेल?

तंतू कोणता हा प्रश्न नंतरचा. आधी त्यातलं पाणी काढा.

आमच्या गटाने ताग घेतला होता. कापड कापलं, रेझिन-हार्डनर ढवळलं, हाताने थर चढवले, वर वजन ठेवलं. पट्टी दिसायला चकचकीत झाली, पण यूटीएमवर (ताणून तोडणाऱ्या चाचणी यंत्रावर) हिशोबाच्या निम्म्या भारालाच तुटली. तुटलेलं टोक भिंगाखाली धरलं तर तंतू खुंटांसारखे बाहेर आलेले आणि त्यांच्यावर रेझिनचा मागमूस नाही. म्हणजे बिचारे तुटलेच नव्हते, नुसते उपसून निघाले होते. शिवाय मधेमधे टाचणीच्या डोक्याएवढे बुडबुडे.

तंतू ज्याचा बनतो त्या सेल्युलोजवर पाणी धरणारे हायड्रॉक्सिल (OH) गट खच्चून भरलेले असतात आणि ते हवेतली वाफ धरून ठेवतात. हाताला कोरडा लागणारा तागही ८ ते १२ टक्के पाणी बाळगून असतो. त्यावर इपॉक्सीची पकड नीट बसत नाही, आणि रेझिन तापलं की त्याच वाफेचे बुडबुडे होतात. म्हणून ८० अंशांच्या ओव्हनमध्ये ठेवा आणि वजन करत राहा. लागोपाठ दोन वजनं सारखी आली की सुकला. बाहेर काढल्यावर मात्र चहाला जाऊ नका, तो लगेच पुन्हा ओलावा ओढायला लागतो.

कॉस्टिक सोड्याची प्रक्रिया तुम्ही वाचली असेलच. ५ टक्क्यांच्या आसपासच्या द्रावणाने मेण आणि हेमिसेल्युलोज (सेल्युलोजभोवतीचा कमकुवत भाग) निघतं, पृष्ठभाग खरखरीत होतो, पकड सुधारते. द्रावण फार तीव्र केलं तर सेल्युलोजच खराब होतं. धुताना पाणी उदासीन येईपर्यंत धुवा. आम्ही इथेही कंटाळा केला होता.

मला विचाराल तर तीन तंतूंची तुलना करूच नका. एकच तंतू घ्या आणि तीन अवस्था तपासा: जसाच्या तसा, सुकवलेला, सोड्यातून काढून सुकवलेला. प्रत्येकी किमान ५ नमुने घ्या, कारण वनस्पतीचा तंतू एकसारखा कधीच नसतो. चाचणीची मानकं: ताण चाचणीला एएसटीएम डी३०३९, पाणी शोषणाला डी५७०. आणि तंतूचं प्रमाण वजनात मोजलंत तरी मिश्रणाच्या नियमात (तंतू आणि रेझिनच्या गुणधर्मांवरून पट्टीचा अंदाज काढायच्या सूत्रात) आकारमानाचं प्रमाणच टाका. ही चूक बऱ्याच रिपोर्टांत दिसते.

तरी तंतू निवडायचाच तर ताग. काथ्या ताणला जातो भरपूर, पण त्याचा मापांक (ताठपणाचं माप) साधारण ४ ते ६ गिगापास्कल, म्हणजे ताठपणा हवा असेल तर उपयोग नाही. काचतंतूशी तुलना करताना घनता विसरू नका: काच सुमारे २.५, ताग १.५ ग्रॅम प्रति घन सेंटीमीटरच्या आत-बाहेर. नुसत्या ताकदीत ताग हरतो, वजनाच्या हिशोबाने ताठपणा काढलात तर चित्र बरंच बदलतं.

एक राहिलं. शीर्षकात ‘जैवविघटनशील’ लिहू नका. पूर्व जर्मनीतल्या ट्राबांट गाडीचे बाह्य पत्रे कापसाचे तंतू आणि फेनॉलिक रेझिनचे होते. १९९१ मध्ये उत्पादन थांबलं, पण तंतू कापसाचे म्हणून ते पत्रे कुजले नाहीत. त्यांची विल्हेवाट लावणं डोकेदुखी ठरलं. इपॉक्सीचंही तेच, एकदा घट्ट झालं की ना वितळतं ना कुजतं. व्हायव्हामध्ये पहिला प्रश्न यावरच येईल.