निवड झाली म्हणतात, पैसे भरू का?

प्रश्न : सुदामानगरात घरामागच्या शेडमध्ये आम्ही मेतकूट, गोडा मसाला आणि थालीपिठाची भाजणी करतो. सहा बायका कामाला आहेत. माल इंदुरातल्या दुकानांत जातो, थोडा पुण्याला. मागच्या आठवड्यात एका संस्थेचा फोन आला. खाद्य व्यवसायातल्या राष्ट्रीय पुरस्कारासाठी तुमची निवड झाली आहे, समारंभ दिल्लीला, नोंदणीचे ३५,००० रुपये भरा, असं म्हणाले. यजमान म्हणतात, नाव होईल. मला पटत नाही, पण संधी घालवतेय की काय, असंही वाटतं. २०० ग्रॅमच्या पाकिटामागे आम्हाला १२ रुपये सुटतात.
– एक वाचक, इंदूर

उत्तर : ताई, हे पैसे भरू नका. तुम्ही अर्ज केलेला नाही, तुमचा माल कुणी चाखलेला नाही, मग निवड झाली ती कशावरून? ३५,००० म्हणजे तुमच्या २,९००हून जास्त पाकिटांची कमाई, वर दिल्लीचं येणं-जाणं आणि मुक्काम.

पण म्हणून सगळ्याच पुरस्कारांकडे पाठ फिरवू नका. पोलोग्राउंडला मी बरीच वर्षं पुठ्ठ्याच्या खोक्यांचा कारखाना चालवला. माझं मत असं की खऱ्या पुरस्काराचा अर्ज भरण्यातच निम्मी कमाई असते, कारण तो अर्ज अडचणीचं विचारतो. किती माल परत आला? का आला? दर किलोला खर्च किती? चव एकसारखी कशी राखता?

तुमच्या भाजणीचंच बघा. ज्वारी, बाजरी, तांदूळ, डाळी, धणे सगळं वेगवेगळं भाजायचं, आणि कढईपाशी कोण उभी आहे यावर रंग ठरतो. सरावाचा हात गावी गेला की एखादा घाणा करपतो, नाहीतर कच्चा राहतो. म्हणून एक वही घाला. धान्य किती घेतलं, किती मिनिटं भाजलं, भाजल्यावर वजन किती भरलं, प्रत्येक घाण्याला लिहा. वजनातली घट म्हणजे मुख्यतः उडून गेलेलं पाणी. ती नेहमीपेक्षा कमी दिसली तर ते धान्य दळायला पाठवू नका, पावसाळ्यात त्याच पिठाला कुबट वास येतो आणि दुकानदार पाकिटं परत करतो. पुरस्कार मिळो न मिळो, ही वही तुमच्या कामाची आहे.

अमेरिकेत १९८७च्या कायद्याने बाल्ड्रिज गुणवत्ता पुरस्कार सुरू झाला. त्यात न जिंकणाऱ्या अर्जदारालाही परीक्षकांचा लेखी अभिप्राय मिळतो. कुठल्याही पुरस्काराला मी आधी हेच विचारते : परीक्षक कोण, ते प्रत्यक्ष येऊन बघणार का, आणि अभिप्राय देणार का?

आपल्या शहराचा अनुभव ताजाच आहे. स्वच्छ सर्वेक्षणात २०१६ साली इंदूर २५वं होतं, २०१७ला पहिलं आलं. परीक्षक गल्लीत येऊन बघणार, लोकांना विचारणार, हे ठाऊक होतं. म्हणून कचरागाडी दारोदार फिरू लागली आणि ओला-सुका कचरा वेगळा झाला. मला त्या पहिल्या नंबराचा अभिमान आहे, आणि त्याच्यासाठी झालेल्या कामाचा त्याहून जास्त.

ट्रॉफीचा उपयोग गिऱ्हाइकावर अवलंबून असतो. सियागंजातला व्यापारी भाव विचारेल, उधारी किती दिवसांची ते विचारेल, माल किती महिने टिकतो ते विचारेल. बँकेला जीएसटीचे रिटर्न हवे असतात. जिथे तुम्हाला कुणी ओळखत नाही, तिथे मात्र नामांकित संस्थेचं नाव पाकिटावर असलं तर फरक पडतो. म्हणजे तुमच्यासाठी पुणे. आणि तुमच्याकडच्या सहा जणींना आपल्या हाताची कुणी दखल घेतली याचा आनंद होईल, तोही मी कमी समजत नाही.

सुरुवात करायचीच तर केंद्र सरकारच्या झेड (ZED, म्हणजे मालात दोष नाही आणि पर्यावरणाला त्रास नाही) या लघुउद्योगांसाठीच्या प्रमाणपत्रापासून करा. तो पुरस्कार नाही, पण कामाची शिस्त तीच. ब्राँझ पातळीची फी १०,००० रुपये आहे आणि महिलांच्या मालकीच्या उद्योगांसाठी ती पूर्ण सरकार भरतं. त्याला उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योगांची सरकारी नोंदणी लागते, ती फुकट होते. नोंदणी आधीच झालेली असेल तर त्यावर मालक म्हणून कुणाचं नाव आहे, ते आजच काढून बघा. यजमानांचं असेल तर ही सवलत तुम्हाला मिळणार नाही.