कोयता निघायच्या आधी

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर म्हणालीस, "काका, पंचवीस पूर्ण झाली, आता मला आमदारकीचा अर्ज भरता येतो." येतो खरा. मीही दोनदा भरला आणि दोनदा पडलो. पडलेल्या माणसाला बूथन् बूथचा आकडा पाठ असतो, तेवढ्या भांडवलावर हे लिहितोय.

2009ला पहिल्यांदा उभा राहिलो, तेही रागाच्या भरात. पक्षानं शेवटच्या रात्रीपर्यंत झुलवलं आणि तिकीट दुसऱ्याला दिलं. मग अपक्ष. अपक्षाला त्याच मतदारसंघातले 10 सूचक, म्हणजे अर्जावर त्याचं नाव सुचवून सही करणारे मतदार, लागतात. माझ्या मावसभावानं मोठ्या हौसेनं सही केली, पण फेररचनेत त्याचं गाव शेजारच्या मतदारसंघात गेलेलं. त्यालाही पत्ता नाही, मलाही नाही. छाननीत तो अर्ज उडाला. एका वकिलानं दुसरा संच भरायला लावला होता म्हणून वाचलो. एका उमेदवाराला चार अर्जांपर्यंत भरता येतात. आणखी एक लक्षात ठेव, सूचकाला सही येत नसेल तर अंगठा घरून उमटवून आणायचा नाही, अधिकाऱ्यासमोरच लावायचा.

त्या वेळी माझं डिपॉझिट गेलं. तेव्हा ते 5 हजार होतं, आता 10 हजार आहे, अनुसूचित जाती-जमातींना निम्मं. पैशाचं दुःख नव्हतं. पण एकूण वैध मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त मतं मिळाली तरच ते परत मिळतं, म्हणजे 2 लाख 40 हजार मतं पडली तर 40 हजारांच्या वर. माझ्या सभांना येणाऱ्या गर्दीवरून मी भलताच हिशेब मांडला होता. गर्दी तीच होती, फक्त गावं बदलत होती!

आता मुद्द्याचं. आपल्या बालाघाटाच्या पट्ट्यात निवडणुकीची तारीख आयोग जाहीर करतो, पण मतं कोयत्याच्या, म्हणजे ऊसतोडीला गाव सोडायच्या, तारखेवर असतात. 2009ला मतदान 13 ऑक्टोबरला झालं, 2014ला 15ला, 2019ला 21ला. तिन्ही वेळा दिवाळीच्या आधी, माणसं गावात. 2024ला मतदान आलं 20 नोव्हेंबरला. दिवाळी होऊन गेलेली, मुकादमांनी, म्हणजे मजूर नेणाऱ्या ठेकेदारांनी, उचल म्हणून आगाऊ पैसे दिलेले, तोडणीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात निघालेल्या. मी तेव्हा एका उमेदवाराचं बूथचं काम पाहत होतो. एका तांड्यावर यादी घेऊन गेलो तर दारात फक्त म्हाताऱ्या आणि शाळेतली लेकरं. यादीत नावं भरपूर, मतं मूठभर. उमेदवारानं मला विचारलं, "ही माणसं गेली कधी?" म्हटलं, तुमचे बॅनर लागत होते तेव्हा.

ट्रक पाठवून आणू, असं त्याच्या माणसांनी सुचवलं. ते करू नकोस. मतदारांना फुकट ने-आण करण्यासाठी उमेदवारानं गाडी भाड्यानं घेणं कायद्यानं भ्रष्ट प्रकार ठरतो, जिंकलेली निवडणूकही त्यावर रद्द होऊ शकते. वर मुकादमाच्या उपकाराखाली आमदार होशील, मग विधानसभेत मजुरीच्या दरावर काय बोलशील?

याला माझ्याकडे एकच उपाय आहे, आणि तो कंटाळवाणा आहे. गावाची यादी घेऊन घरोघर बसायचं आणि प्रत्येक नावापुढं लिहायचं: गावात, पुण्याला, कोयत्यावर, वारला. कोयत्यावरच्यांच्या पुढं मुकादमाचं नाव आणि कारखान्याचं गाव. मग हंगामात उसाच्या फडात जायचं. भाषण नको. कोपीपुढं, त्यांच्या झोपडीपुढं, बसायचं, पोरांच्या शाळेचं काय झालं, रेशन कुठं मिळतं, बाई आजारी पडली तर तिच्या जागी कोयता कोण धरतं, हे ऐकायचं. मी एकदाच गेलो, 2014च्या आधीच्या हंगामात, दोन दिवस. फोटो काढून परत आलो. आजही लाज वाटते. आणि गंमत बघ, दुसऱ्या वेळी ज्या थोड्या गावांत मी पुढं होतो, त्यात त्या फडातल्या टोळीचं गाव होतं.

पैशाचं थोडक्यात सांगतो. खर्चाची मर्यादा 40 लाख आहे. निवडणुकीचं वेगळं बँक खातं अर्जाच्या किमान एक दिवस आधी उघड. निकालानंतर 30 दिवसांत हिशेब दे, नाहीतर आयोग 3 वर्षांसाठी अपात्र ठरवू शकतो. चहा, खुर्ची, मंडप, सगळ्याचे दर जिल्ह्यात ठरलेले असतात. कुणी मंडप फुकट दिला तरी त्या दरानं तो तुझ्याच खर्चात धरला जातो. एक हिशोबी माणूस रोज वही लिहायला ठेव. तो नातेवाईक नसावा.

पडण्याची भीती विचारलीस. मुंडेसाहेब 1985ला रेणापुरात पडले, विलासराव तर मंत्रिपद भोगून 1995ला लातुरात पडले. विधानसभेच्या पुढच्याच निवडणुकीत दोघंही निवडून आले. त्यांच्या मागं पक्ष होते, तुझ्यामागं सध्या मी आणि तुझी स्कूटी, हा फरक विसरू नकोस.

2029लाही मतदान नोव्हेंबरातच येईल असं धरून चल. येत्या रविवारी तुझ्या गावच्या बूथची यादी छापून आण, लाल पेनही आण. पहिली चार पानं आपण दोघं मिळून करू. काकू म्हणते, जेवायलाच ये.

तुझा,
काका