नीट-पीजी की प्लॅब? यवतमाळच्या इंटर्नला उत्तर

भाऊ, तू विचारलंस की इंटर्नशिप झाली की नीट-पीजीला (आपल्याकडची एमडी-एमएसची प्रवेश परीक्षा) बसू की प्लॅब (बाहेरच्या डॉक्टरांसाठीची यूकेची परीक्षा) देऊन यूकेला येऊ, ट्रेनिंग कुठलं चांगलं. परीक्षा, इंग्रजीचे मार्क, फी, सगळं जीएमसीच्या, म्हणजे यूकेच्या मेडिकल कौन्सिलच्या, साइटवर आहे, ते मी सांगत नाही.

आधी कागदाचं बोलतो. आपल्या मार्कशीटवर आडनाव आधी, पासपोर्टवर वेगळंच, तेवढ्यावरून माझं डिग्रीचं व्हेरिफिकेशन अडकलं. एका ऑफिसातला बाबू दरवेळी "साहेब रजेवर आहेत" एवढंच सांगायचा आणि माझे बाबा आर्णीहून एसटीने चकरा मारायचे, तेही कापूस वेचणीच्या दिवसांत. अजून आठवलं की डोकं सणकतं. नावाचं ॲफिडेविट आत्ताच करून ठेव.

ट्रेनिंग इथलं चांगलंच आहे बाप्पा. सीनियर बाजूला उभा राहून लंबर पंक्चर (पाठीच्या मणक्यातून पाणी काढणं) करून घेतो, मग पोर्टफोलिओत सही, चुकलं तर वॉर्डात सगळ्यांसमोर आय-माय काढत नाही. पण तिकडे एमडी 3 वर्षांत संपतं, इथे नुसतं आयएमटीच, म्हणजे मेडिसिनचं पायाभूत ट्रेनिंग, 3 वर्षं, पुढे स्पेशालिटीची साधारण 4, आणि तेही सीट मिळाली तर. प्लॅब पास म्हणजे नोकरी नाही. जीएमसी नंबर, म्हणजे रजिस्ट्रेशन, हातात घेऊन नुसते अर्ज टाकत बसलेली पोरं आहेत इथे, आणि 2025 च्या सरकारी आराखड्यात तर ट्रेनिंगच्या जागांवर इथल्या पदवीधरांना आणि एनएचएसमध्ये (इथल्या सरकारी आरोग्यसेवेत) बराच काळ काढलेल्यांना आधी घ्यायचं म्हटलंय.

एकटेपणाची सवय होते, सोड.

मला खुपतं ते सापाचं. पावसाळ्यात घोणस चावलेला शेतमजूर आला की साध्या काचेच्या ट्यूबमध्ये 2 मिली रक्त घ्यायचं, 20 मिनिटं हात लावायचा नाही, मग तिरपी करून पाहायची, गोठलं नसेल तर एएसव्ही, म्हणजे सापाच्या विषावरचं औषध, सुरू. मध्यरात्री एकट्याने करायचो हे मी, नर्स सिस्टर आणि मी, बस. इथे विषारी साप एकच, ॲडर, त्याचा पेशंट मी अजून पाहिला नाही. आता एक्स-रे वाचला तरी रजिस्ट्रारला, म्हणजे सीनियर डॉक्टरला, विचारून घेतो. ते बरोबरच आहे म्हणा, पेशंटसाठी चांगलंच, पण हात विसरत चाललेत.

घरचे विचारतात, "बापू, कधी येशीन?" मी म्हणतो सीसीटी, म्हणजे इथलं ट्रेनिंग पूर्ण केल्याचं स्पेशालिस्ट सर्टिफिकेट, झालं की. सीसीटी होणार ट्रेनिंग नंबर, म्हणजे स्पेशालिटीची सीट, मिळाल्यावर, आणि तो मला मिळालेलाच नाही, ट्रस्ट ग्रेडवरच (ट्रेनिंगबाहेरच्या हॉस्पिटलच्या नोकरीवर) आहे मी अजून. घरी हे माहीत नाही.

तू प्लॅब दे, खुशाल दे, पण नीट-पीजीची पुस्तकं कोणाला देऊन टाकू नको.