स्लो कुकरमध्ये कच्चा राजमा आणि पोर्क एकदमच टाकून सकाळी कामाला गेलं तर चालेल का?

नाही. पोर्क कच्चं टाकलं तरी चालतं, पण राजमा आधी गॅसवर खळखळून उकळल्याशिवाय स्लो कुकरमध्ये घालू नका. कच्च्या राजम्यात, विशेषतः लाल राजम्यात, फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं विषारी द्रव्य असतं. चार-पाच दाणेही उलट्या-जुलाबांना पुरतात. अमेरिकेच्या एफडीएच्या (अन्न व औषध प्रशासनाच्या) माहितीप्रमाणे ८० अंश सेल्सिअसपर्यंतच तापलेला राजमा कच्च्यापेक्षा पाचपट विषारी होऊ शकतो, आणि स्लो कुकरमधलं कालवण बरेचदा त्याच्या आसपासच घुटमळतं. म्हणून रात्री भिजत घाला (किमान ५ तास), ते पाणी ओतून द्या, ताज्या पाण्यात ३० मिनिटं उकळा. एवढ्यावर दाणा चेपताना आत जरा कचकचीत लागला तरी हरकत नाही, पुढचं काम पोर्कच्या चरबीत ८ तासांत होतं. तुकडे खांद्याचे, चरबीवाले घ्या. नुसतं बिनचरबीचं मांस चोथ्यासारखं होतं. टोमॅटो किंवा व्हिनेगर शेवटच्या तासाला, नाहीतर दाणे हट्टाने कडक राहतात. हवाबंद डब्यात मिळणारा (कॅन्ड) राजमा मात्र शिजलेलाच असतो, त्याला यातलं काही लागू नाही. तो अगदी शेवटी घाला, नाहीतर लगदा होईल.