ऑक्टोबरात इंदूरला सोयाबीन स्वस्त होतं. कुठल्या महिन्यात शेअर सरासरी किती चढले-पडले हे दाखवणारा महिनावार तक्ता बघून तेव्हाच खाद्यतेल कंपन्यांचे शेअर घ्यावेत का?

नाही, नुसता महिना बघून घेऊ नका. मंडीत तेव्हा भाव उतरतात कारण नवा माल एकदम येतो, त्यात ओल जास्त. पण हे बाजाराला आधीच ठाऊक असतं आणि शेअरच्या भावात धरलेलं असतं. शिवाय आपलं निम्म्याहून जास्त खाद्यतेल आयात होतं, म्हणून नफा पामतेलाच्या भावावर आणि आयात शुल्कावरही हलतो. सप्टेंबर २०२४ मध्ये, ऐन काढणीच्या तोंडावर, कच्च्या पाम, सोया आणि सूर्यफूल तेलावरचं मूळ शुल्क शून्यावरून २० टक्के झालं. असा फटका किंवा फायदा कुठला तक्ता सांगणार? तक्ता वापरायचाच तर सरासरीऐवजी मध्यक (आकडे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा) बघा: दहा वर्षांत मार्च दहाच येतात, आणि मार्च २०२० मधली निफ्टीची सुमारे २३ टक्के पडझड एकटीच सरासरी बिघडवते. भाव बोनस (फुकट मिळणारे जादा शेअर) आणि स्प्लिट (एका शेअरचे अनेक शेअर करणं) यांनुसार जुळवलेले हवेत, नाहीतर १:१ बोनस म्हणजे ५० टक्के घसरण दिसते. हंगाम खरा कामी येतो तो कंपनीचे तिमाही निकाल वाचताना: डिसेंबर तिमाही मागच्या वर्षीच्या डिसेंबर तिमाहीशी ताडून बघा, सप्टेंबरशी नव्हे.